पुडीवरची सही

मालक जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि सांगलीच्या बाजारात त्यांच्या नावानं कुंकू विकणारे तिघंजण निघाले होते. मालक म्हणजे माझे यजमान. आमच्याकडं नवऱ्याला मालकच म्हणतात. हळकुंडं लिंबाच्या रसात आणि सवागीत, म्हणजे टाकणखारात, मुरवायची, सावलीत वाळवायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची, हे आम्ही दोघं मिळून करत होतो. ते गेल्यावर मी एकटी करू लागले. नक्कल करणारे मात्र पिठात रंग कालवायचे आणि पुडीवर आमचं नाव टाकून मोकळे व्हायचे. बायकांच्या कपाळाला चट्टे उठले की शिव्या मला.

साताऱ्याच्या एका दुकानदारानं निरोप धाडला, की पुडीवर सही छापा आणि खाली लिहा, 'सही पाहूनच घ्या.' तेव्हा तपकिरीच्या डबीपासून काढ्याच्या बाटलीपर्यंत सगळ्यांवर कुणाची ना कुणाची सही असायची. साताऱ्याला माल पोचवायचं काम धाकट्या दिरांचं. ते लगेच मालकांची जुनी पत्रं घेऊन बसले आणि त्यांतली एक झोकदार सही त्यांनी निवडली.

मी म्हणाले, "भावजी, ह्यो माल त्यांनी बघितलाय का? बघितला मी. सही माझीच पडंल."

"वैनी, पांढऱ्या कपाळाच्या बाईच्या नावाचं कुंकू कोन लावंल? परत्येक बाईला आपल्या नवऱ्याचा जीव प्यारा असतोय."

हे त्यांनी अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं, त्याचाच मला जास्त राग आला. आणि राग आला की मी हट्टाला पेटते, हे पलूसला माझ्या माहेरी शेजारपाजारालाही ठाऊक होतं. मराठी चौथीपर्यंत शिकले होते मी. स्वतःचं नाव लिहिता येत होतं, तेवढं पुरे होतं.

शिळाछापखान्यातल्या चित्रकार मास्तरांना मी माझी सही लिहून दिली. दोन दिवसांनी त्यांनी तिचा नमुना दाखवला. सगळी अक्षरं एका मापाची, शिरोरेघ सुतात, शेवटी वेलबुट्टी. माझी शिरोरेघ तर लिहिता लिहिता उजवीकडं वर चढत जाते, आणि शेवटचं अक्षर जागा न पुरल्यासारखं दाटीवाटीनं बसतं.

"मास्तर, लय देखनी हाय. पर ही माझी न्हवं."

"बाई, असलं वाकडं छापलं तर छापखान्याची अब्रू जाईल."

"सरळ सही कुनीबी काढंल. माझ्यासारखी वाकडी काढून दाखवा म्हनावं त्या तिघांस्नी."

मास्तरांनी वेलबुट्टीचा कागद बाजूला सारला आणि मला तेलकट शाई आणि एक खास कागद दिला. ह्या कागदावर लिहिलेलं दगडावर दाबून उमटवतात आणि दगडावरून छापतात. मी लिहिलं. पहिला छाप निघाला, तर सहीशेजारी माझा अख्खा अंगठा काळा कुळकुळीत उमटलेला. कुंकवाला शेवटी तिळाचं तेल चोळावं लागतं, ते माझ्या हातांत मुरलेलं, आणि दगड तर तेल दिसलं की धरतोच, मग तिथं शाई चिकटते.

"सहीही आहे आणि अंगठाही," मास्तर हसून म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सही करण्यासाठी भांडले आणि वर अंगठेबहाद्दर ठरले. घरी जाऊन राखेनं हात घासले, शिकेकाईनं घासले, कातडी सोलवटेपर्यंत घासले. दुसऱ्या दिवशी कागदाला बोट न लावता, मनगट हवेत धरून पुन्हा लिहिलं. ती सही माझ्यासारखीच आली, वाकडी आणि चढती.

तेव्हा विलायतेत चाललेल्या लढाईमुळं कागद मिळत नव्हता. तांबूस जाडाभरडा कागद मिळाला, त्यावरच पुड्या छापल्या. भरून, गठ्ठे बांधून ओसरीवर ठेवले. दिरांनी एक पुडी उचलली, नाव वाचलं आणि खाली ठेवली.

"मी न्ह्यायचो न्हाई. हे साताऱ्यात कुनी घरात घ्यायचं न्हाई."

मी पदर खोचला. स्वतः डोक्यावर घेऊन जायची माझी तयारी होती, पण एकटी बाई साताऱ्याच्या पेठेत किती दुकानं फिरणार, हेही मला कळत होतं. तेवढ्यात माझी धाकटी जाऊ चुलीपुढून उठून बाहेर आली. नवऱ्यापुढं मान वर न करणारी बाई ती.

"आवं, दोन वरसं झाली, मी ह्या जाऊबाईंच्याच हातचं कुंकू लावती," ती म्हणाली. "तुमास्नी काय झालं?"

तिनं पुडी उचलून माझ्या सहीवरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं. "आन् आता सांगून ठेवती. ही सही नसंल त्या पुडीतलं कुंकू मी कपाळाला लावायची न्हाई. मग ऱ्हाईलं कपाळ मोकळं तर ऱ्हाईलं."

दिरांनी टोपी डोक्यावर घातली, गठ्ठे उचलले आणि साताऱ्याची गाडी धरायला निघाले.