झुलीखालचा बैल

आमचा तांबडा बैल मार्गशीर्षात दावं तोडून पळाला. गावातून वरात चालली होती, फटाक्यांची लड लागली आणि तो बुजला. मी वाशीमला शाळेत शिकवते. माहेर मेडशीच्या अलीकडे, जरा आडवाटेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा फोन आला. "बाई, तांबडा गेला," एवढंच म्हणाले. आवाज असा, की घरातलं कुणी गेलं असंच वाटलं. बैल म्हटल्यावर हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

वासरू होता तेव्हापासून बाबांनी त्याला वाढवलेलं. त्याच्या जोडीचा पांढरा खुंट्याशी उभा होता, त्यानं कडब्याला तोंड लावलं नव्हतं. बाबांनीही भाकरीला हात लावला नव्हता, हे शेजारच्या काकूंकडून कळलं. तांबडा मिळाला नाही तर हा माणूस अंथरूण धरणार, असं मला वाटायला लागलं.

"लिहून घे," बाबा फोनवर सांगत होते. "डावं शिंग जराकसं खाली. पाठीवर दोन भोवरे, एकाखाली एक. अन् तोंडावर त्याच्या..."

"बाबा, फोटो आहे माझ्याकडे. पोळ्याचा."

"पोयाच्या फोटोत बैल कुठी दिसते? झूल दिसते."

"ते मी पाहून घेते," म्हटलं आणि फोन ठेवला. तासाची घंटा झाली होती, आणि खरं सांगायचं तर म्हाताऱ्याचं लांबण ऐकायचा मला कंटाळा आला होता.

त्याच महिन्यात आमचं एक प्रशिक्षण झालं होतं. कृत्रिम बुद्धिमत्तेला शब्दांत सांगून चित्र कसं काढून घ्यायचं, याचं. नुसतं 'शेतकरी' म्हटलं की ते यंत्र पिळदार मिशांचा, केशरी फेट्यातला, दात काढून हसणारा माणूस काढायचं. आमच्या वर्गातली पोरं विचारायची, मॅडम, हा कोण? मग मी 'मळकी टोपी, बाह्या दुमडलेला शर्ट, प्लास्टिकची चप्पल, हसू नको' असं लिहायला शिकले, आणि माझा शेतकरी मेडशीचा दिसायला लागला. आमच्या केंद्रातल्या शिक्षकांत माझ्याइतकं ते कुणालाच जमत नव्हतं. हे मी चारचौघांत सांगतही असे. 'जे तुम्ही सांगणार नाही, ते यंत्र स्वतःच्या मनानं भरेल,' असं शिकवणारे सर म्हणाले होते. ते वहीत लिहून मी खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

पोळ्याच्या फोटोबद्दल बाबांचं म्हणणं खरंच होतं. पाठीवर आरशांची झूल, शिंगांना रंग आणि गोंडे, कपाळभर बाशिंग. आमच्याकडे बैलाचा फोटो काढतात तो पोळ्यालाच. वर्षभर जो उघडा समोर असतो, त्याचा फोटो कोण कशाला काढतो? शिवाय तांबडा माझ्या लग्नानंतर घरात आलेला. मी सणाला जाणार, आणि मला तो नटलेलाच दिसणार.

मधल्या सुट्टीत मी फोन घेऊन बसले. पोळ्याचा फोटो यंत्राला दिला आणि लिहिलं, या बैलाच्या अंगावरची झूल काढ, बाशिंग काढ, शिंगांवरचा रंग काढ पण आकार बदलू नको. गडद तांबडा रंग, मानेपाशी काळसर झाक. नाकपुडी ओलसर. सकाळचं ऊन, मागे कडब्याची गंजी. साध्या मोबाइलनं काढल्यासारखा, किंचित हललेला फोटो हवा, चकचकीत नको. चार वेळा सुधारून लिहिलं. कपाळाबद्दल मात्र एक अक्षर लिहिलं नाही. बाशिंग काढलं की खालचं कपाळ दिसणारच, असं मी धरून चालले होते.

चित्र आलं आणि मी चाट पडले. तांबडा जिवंत उभा होता. मारका वाटावा असा त्याचा तिरका डोळासुद्धा तसाच. कपाळावर रुपयाएवढा पांढरा चांद होता. असेल बाई, म्हटलं, बाशिंगाखाली कुणी वाकून पाहिलंय! स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवून घेतलं. खाली 'हरवला आहे' लिहिलं, गावाचं नाव, माझा नंबर, आणि दिलं दहाबारा ग्रुपांवर सोडून. बाबांकडे बटणांचा फोन, त्यांना दाखवायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, मला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "मॅडम, बैल सापडला. माणसासकट धरून ठेवला."

मी अर्धी रजा टाकून निघाले, फाट्यावर बाबांना घेतलं. त्यांनी तांबड्यासाठी पिशवीत सरकीच्या ढेपेचा तुकडा आणला होता आणि ऑटोत ती पिशवी मांडीवर धरून बसले होते. तीन गावं सोडून जनावरांचा दवाखाना आहे, त्याच्यासमोर पन्नासेक माणसं गोळा झालेली. मधोमध चांद असलेला तांबडा बैल, आणि त्याच्या पायाशी मातीत बसवलेला एक म्हातारा. बाबांच्याच वयाचा. शर्टाची बाही खांद्यात उसवलेली, ओठ फुटून रक्त वाळलेलं. बैलाचा खूर सुजला म्हणून बिचारा सकाळी घरून पायी दवाखान्यात आला होता. कासरा दुसऱ्याच कुणाच्या हातात होता.

बाबा दहा पावलांवरच थांबले. "हा आपला नोहे."

"काका, नीट पाहा," एक जण म्हणाला. "फोटो हाये ना!" आणि त्यानं मोबाइल बाबांच्या डोळ्यांपुढे धरला. बाबांनी माझं ते चित्र तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"हा बी आपला नोहे. कोनाचा फोटो हाये हा? आमच्या तांबड्याच्या कपायावर एक पांढरा केस नाई."

"तुमच्याच पोरीनं टाकला."

"मॅडमचा बाप भेला असन," मागून कुणीतरी बोललं. "दबावात बोलून राह्यला."

हरवलेल्या बैलाचा मालक उन्हात उभा राहून सांगतोय, हा माझा नाही, आणि लोक मालकाला सोडून माझ्या चित्रावर विश्वास ठेवत होते. मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. लिहायला लाज वाटते, पण त्या घडीला मला फुटलेला ओठ दिसत नव्हता, आता शाळेत काय तोंड दाखवू हेच दिसत होतं. बाबा वळून माझ्याकडे पाहायला लागले तेव्हा कुठे तोंड उघडलं.

"तो फोटो नाही. मी बनवलाय. बाशिंगाखालचं मला माहीत नव्हतं, म्हणून तो चांद यंत्रानं मनानं टाकला."

"असा कसा बनवता येते? केसन् केस दिसून राह्यला!"

मला तेच तीनदा सांगावं लागलं. मग कासरा हळूच म्हाताऱ्याच्या हातात परत आला, आणि ज्यांनी त्याला मातीत बसवलं होतं ते आपापल्या गाड्यांकडे सटकले. मी हात जोडले. ते त्यानं पाहिलेच नाहीत. त्यानं माझा मोबाइल मागितला, चित्र डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं, मग आपल्या बैलाकडे पाहिलं.

"हा माहाच हाये," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती भीती होती. "पोरी, तू माह्या घरी कई आलती?"

काय सांगणार होते मी त्याला? वर्गात मी यावर तासभर बोलू शकते. तिथं मी नुसता मोबाइल परत घेतला.

उरलेल्यांतला एक शेतकरी पुढे आला. "काका, तुमच्या तांबड्याचं डावं शिंग खाली हाये काय?"

"हाव," बाबा म्हणाले.

"काल आमच्या तुरीत घुसला होता. तुटलेलं दावं गयात लोंबून राह्यलं होतं. धरलाबी होता म्या. मंग हा फोटो आला, तं चांद जुये ना. म्हटलं, हा दुसऱ्याच कोनाचा असन. देल्ला हाकलून."

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्यानं फोटो नीट पाहिला होता.

"कोनीकडं?" बाबांनी विचारलं. त्यानं हात केला. तिकडे नजर जाईल तिथवर तूरच तूर उभी होती. बाबा पिशवी घेऊन निघाले. मला चल म्हणाले नाहीत, थांब म्हणाले नाहीत. तांबडा त्या दिवशी मिळाला नाही आणि नंतरही नाही.

बाबा दिसेनासे झाल्यावर मी दवाखान्याच्या पायरीवर बसले. सगळ्या ग्रुपांवर लिहिलं, आधीचं चित्र खोटं आहे, कृपा करून पुढे पाठवू नका, आमच्या बैलाचं कपाळ कोरं आहे. सोबत काहीही जोडलं नाही.

मिनिटभरात पहिलं उत्तर आलं. "मॅडम, असं नुसतं लिहून कसं जमन? खरा फोटो टाका."