छपराखालची लोकर

माझा धाकटा भाऊ कॉर्नेलियस वीबे प्रभूला विचारल्याशिवाय काही करत नाही, अशी आमच्या ख्रिस्ती मंडळीत त्याची ख्याती आहे. ख्याती कसली, नुसती बोंब. गोठ्याचं छप्पर गळायला लागलं तेव्हा दुरुस्तीला हात घालावा की नाही, हे विचारायला तो गुडघ्यांवर बसला. उत्तर येईपर्यंत छप्पर गाईच्या अंगावर आलं. गाय वाचली. लगेच रविवारी हा उपासनेत उभा राहून साक्ष देतोय, की बघा, प्रभूने गाय राखली. त्याची बायको आगाथा तेव्हा बायकांच्या बाकावर बसून स्वतःच्या खरचटलेल्या हातांकडे बघत होती. गाईवरचं छप्पर तिनेच उचललं होतं.

प्रार्थनेला माझी ना नाही. किर्गिझांच्या या खोऱ्यात सरकारने आमच्या जर्मन आजी-आजोबांना आणून टाकलं तेव्हा त्यांच्याजवळ दुसरं होतं काय? पण माझी आई गुडघे टेकायची ती उठून कामाला लागण्यासाठी. ह्याचं उलट. ह्याला जे नको असतं ते प्रार्थनेत जातं, आणि जे हवं असतं ते विचारायचं नेमकं राहून जातं. रविवारच्या गरम पावांची परात समोर आली की हात घालू का, असं त्याने प्रभूला विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि 'प्रार्थनेत ठेवलंय' म्हटलं की आमच्यात पुढे कुणी तोंड उघडत नाही. देवाला घाई कोण करणार? सगळ्यांना माहीत असतं की हे 'नाही' आहे, पण गोड केलेलं. माहीत नव्हतं ते फक्त मक्सातला.

मक्सात किर्गिझ, मुसलमान घरातला. बीट वाहणारा ट्रॅक्टर चालवतो. आमच्या मंडळीत त्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्याच्या आईने महिनोन्‌महिने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मागच्या वर्षी बटाटे लावायच्या दिवसांत त्याने मंडळीचे पाळक टोव्स यांच्याजवळ माझ्या भाचीचं, युस्तिनाचं नाव काढलं. आमच्यात असंच चालतं. मुलगा पाळकांना सांगतो, पाळक मुलीच्या बापाला, आणि बाप प्रार्थना करून उत्तर देतो. तोवर त्या दोघांनी एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही.

"प्रार्थनेत ठेवतो," कॉर्नेलियस म्हणाला. ते बटाटे निघाले, खाऊन संपले, नवे लावले, तेही निघायला आले. युस्तिना उपासनेत बायकांच्या बाजूला बसायची, तो पुरुषांच्या. स्तोत्रं म्हणताना पोरीचा आवाज निघेनासा झाला होता.

एकदा मी तिला विचारलं, "तुला तो हवाय का गं?"

"आत्या, मला कुणी विचारलंय का?"

"मी विचारतेय ना."

"हवाय," ती म्हणाली, आणि पुन्हा दूध काढायला बसली.

शेवटी पाळक टोव्स स्वतः कॉर्नेलियसच्या घरी आले. "बंधू कॉर्नेलियस, मक्सातच्या आईने त्याच्यासाठी गावाकडे मुलगी बघून ठेवलीय. आता कापणीच्या सणाला मला हो किंवा नाही सांगा. काहीच सांगितलं नाहीत तर मी त्याला मोकळा करीन." मग कॉर्नेलियसला बायबलातला गिदोन आठवला. गिदोनाने रात्री खळ्यावर लोकर पसरून देवाला म्हटलं होतं, की जमीन कोरडी राहून फक्त लोकर दवाने भिजली तर मी तुझा होकार समजेन. आता आमच्याकडे मेंढीच्या कातड्यांना काय तोटा. कॉर्नेलियसने अंगणात कातडं आंथरलं. लोकर भिजली तर हो, कोरडी राहिली तर नाही.

मी शेजारीच राहते; जाऊन पाहिलं. पठ्ठ्याने कातडं गोठ्यापुढच्या छपराखाली ठेवलं होतं. त्यात हवा अशी कोरडी, की उघड्यावर ठेवलं असतं तरी दवाचा थेंब पडता ना.

"गिदोनाने उघड्यावर ठेवली होती," मी म्हटलं.

"ताई, उघड्यावर पाखरं घाण करतात."

"गिदोनाच्या देशात पाखरं नव्हती वाटतं."

"तू श्रद्धेच्या गोष्टीत नाक खुपसू नकोस."

प्रभूच्या खांद्यावर बंदूक ठेवून हा पोरीच्या जन्मावर चाप ओढत होता.

सकाळी मी कुंपणाशी आले तर कॉर्नेलियस छपराखाली उभा. कातडं चिंब होतं. पिळलं असतं तर भांडं भरलं असतं. भोवतीची जमीन खडखडीत. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. आगाथा गोठ्याच्या दारात दुधाची बादली घेऊन उभी होती, आणि तिच्या मागे युस्तिना.

वाटलं, आता तरी हा हो म्हणेल. कसलं काय. घसा खाकरून म्हणाला, "गिदोनाने दोनदा विचारलं होतं. शास्त्रात आहे. आज रात्री लोकर कोरडी राहू दे आणि जमीन ओली होऊ दे."

आगाथाने बादली खाली ठेवली. "अख्खं अंगण भिजवायचं माझ्या अंगात त्राण नाही," ती म्हणाली. "पाटाचं पाणी येईपर्यंत थांबा."

हे डोक्यात शिरायला त्याला जरा वेळ लागला. शिरलं तेव्हा तो केवढ्यांदा ओरडला. "देवाच्या उत्तरात तू पाणी ओतलंस?"

"तुम्ही छपराखाली ठेवलीत. मी पाणी ओतलं," आगाथा म्हणाली. "आपण दोघांनी मिळून देवाला बोलूच दिलं नाही."

इतक्या वर्षांत आगाथा त्याला उलटून बोललेली मी पहिल्यांदा ऐकली. तो गाईच्या गव्हाणीच्या कडेवर बसला. मला वाटलं, आता शास्त्रातलं तिसरं काहीतरी काढील. पण तो म्हणाला, "आगाथा, मला ऐकू येत नाही. लोक उपासनेत उठून सांगतात, प्रभू माझ्याशी बोलला, मला शांती मिळाली. मला कधीच काही ऐकू आलं नाही. मी नुसता बसून असायचो. मग मीही उठून तसंच सांगायला लागलो."

"मग हे वर्षभर नाही कोण म्हणत होतं?" मी विचारलं.

त्याने मान वर केली नाही. "मीच. तो किर्गिझ आहे ना, ताई."

मला त्याची कीव आली, आणि राग तसूभरही कमी झाला नाही.

युस्तिना पुढे आली. रडत नव्हती. "बाबा, हे मक्सातला तुम्ही स्वतः सांगा. प्रभूचं नाव घेऊ नका. तू किर्गिझ आहेस म्हणून नाही, असं त्याच्या तोंडावर सांगा. मग मी त्याचं नाव काढणार नाही."

तो गेला. मीही मागून गेले. ह्याच्यावर कुणी विश्वास ठेवावा? मक्सात ट्रॅक्टरखाली निजून काहीतरी आवळत होता. आम्हाला बघून घाईघाईने बाहेर आला, ग्रीसने माखलेला हात छातीवर ठेवून म्हणाला, "सलाम, बाइके. कसे आहात?"

बाइके म्हणजे थोरला भाऊ. कॉर्नेलियस त्या पोराच्या तोंडाकडे बघत राहिला. म्हणाला, "मी प्रार्थनेत..." आणि थांबला. पुन्हा म्हणाला, "तू..." आणि पुन्हा थांबला. मक्सातच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. पोरगं नाही ऐकायच्या तयारीने ताठ उभं राहिलं.

"मला नको विचारू," शेवटी कॉर्नेलियस म्हणाला. "युस्तिनाला विचार. घरी आहे ती."

बघा, शेवटी तेही ढकललंनच दुसऱ्यावर. टोमणा माझ्या अगदी ओठांवर आला होता. पण मक्सातला त्याचं काय? तो हात न पुसताच कॉर्नेलियसच्या घराच्या दिशेने पळत सुटला होता.