पाठकोरे कागद

आमच्या घरात एका बाजूने कोरा असलेला कागद रद्दीत घालायला मनाई होती. बाबा कारखान्यातल्या युनियनची पत्रकं काढायचे आणि कागद नेहमीच अपुरा पडायचा. मी वाचायला शिकले तीही पत्रकांवरच. पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा कपाटाखाली असे. त्यातला एक जरी कागद वाया घालवला तरी बाबांचा चेहरा मी खोटं बोलल्यासारखा व्हायचा. कागदाच्या मागे काय आहे हे बघायची मात्र आमच्याकडे पद्धत नव्हती.

बाबा निवृत्त झाले तेव्हापासून रविवारी सकाळी आम्ही दोघं दांडिया बाजारातल्या आमच्या ओट्यावर बसून लोकांचे फॉर्म भरून द्यायचो. विधवा पेन्शन, रेशन कार्ड, शिष्यवृत्ती. एक पैसा घ्यायचो नाही, त्याचा मला गर्व होता. लोक आधार आणि पॅन एकाच कागदावर झेरॉक्स करून आणत, खाली सही करत आणि "असू दे, लागली तर" म्हणून दोन प्रती जास्तीच्या ठेवून जात. त्या परत मागायला कुणी येत नसे.

मागच्या गल्लीतल्या काकूंनीही ठेवल्या होत्या. काकू ब्लाउज शिवून घर चालवतात. गेल्या वर्षी त्यांच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी भरायला दोन आठवड्यांची मुदत होती आणि शैक्षणिक कर्जाला काकू सहअर्जदार होत्या. मी त्यांच्यासोबत बँकेत गेले.

"बेन, तमारा नामे बे लोन बोले छे," खिडकीतला माणूस म्हणाला.

काकूंच्या नावावर आधीच दोन कर्जं होती. करजणच्या एका दुकानातून घेतलेले दोन महागडे मोबाइल, आणि एकही हप्ता भरलेला नाही. अर्जावरचा फोन नंबर तिसऱ्याच कुणाचा.

काकू हसल्या. "करजण? अहो भाई, भरूचला जाताना बसमधून दिसतं, तेवढंच माझं करजण. आणि हा बघा माझा मोबाइल." त्यांनी बटणांचा फोन काउंटरवर ठेवला.

"ते बरोबर, बेन. पण सिस्टममध्ये हा फोन नथी दिसत."

पुढचे पाच दिवस आम्ही फिरत होतो. पोलीस चौकी, सायबर सेलचा अर्ज, क्रेडिट रिपोर्टवरची हरकत. मोबाइलला कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपनीचं उत्तर आलं: कागदपत्रं ग्राहकाने स्वतः सही करून दिलेली आहेत. ज्याचं नाव चोरीला गेलं, त्यानेच आपण चोर नाही हे सिद्ध करायचं, असा हा कारभार. मी चवताळले. "कागद दाखवा," म्हणून कळवलं. त्यांनी स्कॅन पाठवला. काकूंच्या शिलाई मशीनशेजारी उभं राहून मी तो फोनवर उघडला.

आधार, पॅन, खाली काकूंची वाकडी सही. कागद पातळ होता. काकूंच्या फोटोच्या मागून ठळक अक्षरं उलटी उमटली होती. मला ती सरळ करून वाचायची गरज पडली नाही. "गढूळ पाणी किती दिवस?" नळाच्या पाण्यावर मी काढलेल्या पत्रकाचा तो मथळा होता. त्याच्या सहा महिने आधी कागद संपला म्हणून मीच कपाटाखालचा गठ्ठा, ओट्यावरच्या जास्तीच्या प्रतींसकट, प्रिंटरमध्ये घातला होता आणि ती पत्रकं स्टेशनबाहेर लोकांच्या हातात कोंबली होती.

"काय गं? तोंड का असं झालं?" काकूंनी विचारलं.

"रेंज नाहीये," मी म्हणाले.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते गठ्ठा ओढून खाली बसले आणि एकेक कागद उलटा करून पाहू लागले. जुनी परिपत्रकं, माझ्या परीक्षेचे कागद, मधूनच कुणाचा तरी चेहरा.

"असे किती गेले?"

"माहीत नाही. उद्या कंपनीला आणि पोलिसांना लिहून देते, की काकूंनी कुणाला कागद दिले नाहीत, ते माझ्याकडून गेले."

"लिहून नको देऊस. रविवारी एकही माणूस येणार नाही मग. ज्यांना आपल्याशिवाय कुणी नाही, त्यांनी कुठे जायचं?"

"बाबा, तुमचे कारखान्यातले साहेब अगदी असंच बोलायचे."

त्यांनी हातातला कागद सरळ करून गठ्ठ्यावर ठेवला. मग म्हणाले, "तारीख घाल. आणि सही पूर्ण कर."

काकूंना मी सकाळी सांगितलं. मुलगी शेजारी ब्लाउजला हुक लावत होती.

"म्हणजे माझा फोटो तू वाटलास? स्टेशनवर?"

"हो काकू."

"तूच म्हणायचीस ने, काकू, कुठेही सही करू नका. तुझ्यासमोर म्हणून केली मी." मुलगी हातातला ब्लाउज ठेवून आत निघून गेली.

माझा जबाब गेला. कंपनीने चौकशीला महिना लागेल म्हणून कळवलं. कॉलेजची मुदत त्याआधीच संपली आणि जागा यादीतल्या पुढच्या मुलीला मिळाली. नंतर काकूंच्या नावावरची दोन्ही कर्जं काढून टाकल्याचं दोन ओळींचं पत्र आलं. त्यात माफी नव्हती. मोबाइल कुणी नेले ते आजवर कुणी शोधलेलं नाही. मुलगी शहरातल्याच गोत्री भागात एका औषधांच्या दुकानात उभी असते. नव्या वर्षाचा फॉर्म भरलास का, हे विचारायची माझी हिंमत झालेली नाही.

मी एक पत्रक लिहिलं. आधी माझी चूक, आडपडदा न ठेवता. मग सांगितलं: आपला क्रेडिट रिपोर्ट मागवून बघा, अनोळखी कर्ज दिसलं तर त्याच दिवशी लेखी हरकत घ्या. आधारचे पहिले आकडे झाकलेली प्रत द्या. झेरॉक्सवर आडवं लिहा, कुणाला, कशासाठी, कोणत्या तारखेला. जास्तीची प्रत कुणालाही देऊ नका, आम्हालाही नाही. त्यासाठी नवा कागद विकत आणला. ज्यांनी ज्यांनी ओट्यावर कागद दिले होते, त्या प्रत्येक घरी गेले. काहींनी दार उघडलं नाही.

काकूंकडे शेवटी गेले. त्यांनी मशीनवरचा पाय थांबवला, पत्रक घेतलं आणि एक अक्षरही वाचण्याआधी ते उलटं करून मागची बाजू पाहिली.