ओला पदर

मला पाहायला आलेल्या पाहुण्यांनी पाणी मागितलं. मी गडवा भरून दिला. मुलाच्या आत्याने दोन घोट घेतले, उरलेल्या पाण्यात पदराचं टोक बुडवलं, पिळलं, आणि माझ्या गालावरून कानापासून हनुवटीपर्यंत जोरात ओढलं.

मग तो पदर तिने सगळ्यांना दाखवला.

"हे पाहा. मी म्हटलंच होतं, पावडर आहे म्हणून."

शेजारणीकडून मागून आणलेली पावडर. तिच्यातून उघडी पडलेली काळी रेघ मी नंतर आरशात पाहिली. समोर बसलेल्यांनी ती तेव्हाच पाहिली आणि ते हसले. मुलगाही हसला. साकोलीकडे मास्तर होता तो. रंगाने माझ्याहून काकणभर काळाच. त्याच्या गालाला कुणी हात लावला नाही.

आत्या म्हणाली, "पोरगी कामाची आहे. नाकीडोळी बी बरी आहे. पण आमचा पोरगा मास्तर आहे, चार लोकाईत उठते-बसते. धान निघल्यावर येतो आमी. तवरक उजळली तं पाहू."

बाबा हात जोडून म्हणाले, "हो जी."

त्यांच्या डोक्यावर भिंतीला बुद्धाची तसबीर होती. सकाळीच त्यांनी तिला फुलं वाहिली होती. पाहुण्यांनीही आल्याआल्या हात जोडले होते. दोन्ही घरं एकाच वस्तीतून निघालेली, एकाच धम्माची. त्यांच्या घरात पगार आला, सिमेंटचं घर झालं. आमच्या घरात अजून दुसऱ्याच्या बांधीतली, धानाच्या शेतातली, मजुरीची रोवणी होती. एवढाच फरक. पण एवढा पुरतो.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. भंडारा जिल्ह्यातलं, करडीच्या बाजूचं आमचं गाव. मी अठरा वर्षांची, दहावी झालेली.

रंगावरून बोलणं मला नवं नव्हतं. ज्यांच्या बांधीत आम्ही रोवणीला जायचो, त्या पाटलाची बायको धुऱ्यावर, कोरड्या बांधावर, छत्री घेऊन उभी राहायची. एकदा मला पाहून म्हणाली, "चिखल कोणता अन् पोरगी कोणती, वळखूच येत नाही." सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. ज्याच्या बांधीत पाय, त्याच्या गमतीला हसावंच लागतं. ती धुऱ्यावर, आम्ही चिखलात. तिच्याकडून मला दुसरी अपेक्षाच नव्हती. पण आत्या आमच्या घरात, आमच्या चटईवर बसली होती. आणि बोलली तेच, पाटलीणबाईचं. ते मला जास्त लागलं.

माझी आई लहानपणापासून माझ्या अंगाला मोहाच्या बियांचं तेल लावायची. थंडीत ते गोठायचं, मग ती वाटी चुलीशी धरायची. वास उग्र. पण माझे हातपाय कधी फुटले नाहीत. "आपलं कातडं कोरडं पडलं का राखेवानी दिसते. त्याले तेल पाजत राहा," म्हणायची. लावून झालं की माझा हात उजेडात धरायची आणि खूश व्हायची. काळ्या हातावरची चमक पाहून खूश होणारी ती एकच बाई मला माहीत होती.

पाहुणे गेल्यावर तिने तेलाची वाटी फळीवर वर ठेवून दिली.

पुढच्या बाजाराला ती मला घेऊन तुमसरला गेली. औषधाच्या दुकानातल्या माणसाने माझ्याकडे पाहिलं आणि न विचारताच एक ट्यूब काढून ठेवली. "पंधरा दिवस लावा. पोरगी ओळखू येणार नाही."

खोटं बोलला नाही तो.

ट्यूब कशी लावायची, कधी लावायची, त्याने सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. रोवणीला निघताना आमच्याकडे बाया हातापायाला तेल चोपडतात, चिखलाचं पाणी लागू नये म्हणून. अंगाला लावायचं ते कामाला निघताना लावायचं, हीच आमची रीत. आईने मलमही तसंच लावलं. रोज सकाळी, तोंडभर, जाडसर. आणि मग आम्ही दोघी दिवसभर बांधीत वाकून उभ्या. पाऊस उघडला की पाठीवर ऊन, आणि खालच्या पाण्यातून तेच ऊन उलटून तोंडावर.

पहिले काही दिवस खरंच उजळले. बाया म्हणायला लागल्या, "पोरगी निखरली व." आई फुलून जायची. मीही. खोटं कशाला सांगू, मीही गडव्याच्या पाण्यात तोंड पाहायची.

मग झोंबायला लागलं. आई म्हणाली, "झोंबते म्हणजे लागून राहिलं." खरजेवर, जखमेवर, जे झोंबतं तेच खरं औषध, असंच आम्ही मानत आलो होतो. दुसरी ट्यूब आली. तिसरी आली. गाल लाल झाले, सुजले, सालपटं निघाली. कातडी इतकी पातळ झाली की तोंडावर पाणी मारलं तरी आग व्हायची. सालपटांखालून डाग निघाले, आधीच्या माझ्या रंगाहून कितीतरी काळे. गालांवर, कपाळावर, ओठांच्या वर. पाटलीणबाईने धुऱ्यावरून पाहिलं आणि विचारलं, "तोंडाले का झालं व?" त्या दिवशी तिला गंमत सुचली नाही.

शेवटी सरकारी दवाखान्यात गेले. एकटी. तिथे एक नर्सबाई होत्या, चाळिशीच्या, माझ्यासारख्याच काळ्या. त्यांनी ट्यूब उलटीपालटी करून वाचली.

"हे कोणं देल्लं तुले?"

"दुकानातल्यानं."

"खाजेचं मलम आहे हे. चार-आठ दिवस हातापायाले लावाचं. तू तोंडाले किती दिवस लावलं?"

"तीन महिने."

"अन् उन्हात जात होती?"

"रोवणीले, मंग निंदणाले."

त्यांनी कागद ओढून विचारलं, "तुले रोग काय होता?"

मी म्हटलं, "काळी आहे."

त्यांनी पेन खाली ठेवला. "हे मी रोगाच्या जागी लिहू? पोरी, तुझ्या कातडीले रोग नव्हता. आता झाला."

मी तिथल्या बाकावर बसून रडले. पण ते रडणं वेगळं होतं. आजवर मला लाज यायची. त्या दिवशी पहिल्यांदा राग आला. दुकानदाराचा आला, आत्याचा आला, हात जोडणाऱ्या बाबांचा आला. सगळ्यात जास्त माझा आला. पदर ओढला जात होता तेव्हा मी हनुवटी वर केली होती. तिला पुसायला सोपं जावं म्हणून.

नर्सबाईंनी ट्यूब बंद करायला सांगितली, उन्हात डोकं-तोंड झाकायला सांगितलं, बाटलीतलं साधं औषध दिलं. डाग जायला वर्षं लागतील म्हणाल्या. घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली. "मीनंच लावलं, माय. माह्याच हातानं लावलं." तिचा तो हात मला आजही आठवतो.

धान निघालं. पाहुणे बोलल्याप्रमाणे आले.

आईने पुन्हा पावडरीचा डबा आणला. मी तो कोनाड्यात ठेवून दिला आणि तशीच चटईवर जाऊन बसले. आत्या पुढे वाकली.

"हे का होय? हे डाग कायचे?"

तिने गडवा ओढला, पदर पाण्यात बुडवला आणि हात पुढे केला. मी तिचं मनगट धरलं.

"राहू द्या. मीच धुतो."

गडवा उचलून अंगणात गेले. सगळ्यांसमोर साबण लावून तोंड धुतलं. आग झाली. होऊ दिली. ओल्या तोंडानेच आत येऊन उभी राहिले.

"हा माहा रंग. अन् हे डाग तुमच्या पदराचे. उजळाले गेली होती मी." मग मास्तरकडे वळून गडवा त्याच्यापुढे ठेवला. "आता तुमी धुवून या. मले बी पाहाचं आहे."

मास्तर जमिनीकडे पाहत राहिला. आत्या म्हणाली, "कोण करन हिले?" आणि उठली. चहा तसाच राहिला.

बाबा म्हणाले, "नाक कापलं तुनं." महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. तोंडफाटकी पोरगी म्हणून नाव झालं. मग कोणी पाहायला आलंच नाही. आले असते तर मी हो म्हणाले असते की नाही, मला सांगता येत नाही. पाहुणे गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मात्र फळीवरची वाटी खाली काढली, चुलीशी धरली, आणि माझ्या हातांना तेल लावत बसली. तोंडाला हात लावायची तिची हिंमत झाली नाही.

त्याच नर्सबाईंनी माझा फॉर्म भरला. भंडाऱ्याला ट्रेनिंग झालं. आता, आठ वर्षांनी, मी एका गावच्या दवाखान्यात नर्स आहे. बाया पदराआडून ट्यूब काढून दाखवतात, मी ती माझ्याकडे ठेवून घेते. माझ्या गालावरचे दोन डाग गेले नाहीत. ते मी झाकत नाही.

परवा बाबांचा निरोप आला. धाकट्या बहिणीला पाहायला येताहेत. मुलगा बँकेत आहे. धाकटी माझ्याहूनही काळी. निरोपाच्या शेवटी बाबांनी कळवलं होतं, तू त्या दिवशी आली नाही तरी चालेल.

मी जाणार आहे. दाराशी बसणार आहे. पाहुण्यांना पाय धुवायला पाणी देईन, प्यायला पाणी देईन, मागतील तितकं देईन. पण त्यात पदर बुडाला, तर गडवा उंबऱ्याबाहेर जाईल, आणि पाहुणेही.