गयाबाईंच्या वकिलाचा आगाऊ सत्कार

गयाबाई मेश्राम हिंगणघाटहून लखनौला आल्या त्याला आता उभी हयात झाली, पण लखनौला त्यांच्या जिभेला हात लावता आला नाही. उलट त्या जिभेचीच लखनौला थोडीफार बाधा झाली. आलमबागेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत त्या पाळणाघर चालवतात. नोकरी करणाऱ्या आया सकाळी पोरं सोडून मेट्रो गाठतात आणि ती पोरं दिवसभर गयाबाईंच्या बोलीत रांगतात, जेवतात, भांडतात. एकदा मिश्राजींची नात घरी जाऊन आजोबांना म्हणाली, "दादाजी, काहून बोंबलून राह्यले?" दुसऱ्या दिवशी मिश्राजी तक्रार घेऊन दारात.

"हमारी बच्ची ये कौन-सी ज़बान सीख रही है?"

गयाबाईंनी आधी हातातल्या पोराचं नाक पुसलं. "वो छोड़ो. तुम चिल्ला रहे थे का नहीं?"

मिश्राजी प्रामाणिक माणूस. "चिल्ला तो रहे थे."

"मंग बराबर बोली ना पोट्टी."

नात अजून तिथंच येते.

तर हे घर, आणि घरासोबत हे पाळणाघर, जायची वेळ आली. जुने मालक रस्तोगी वारले आणि त्यांच्या मुलाला तिथं गेस्ट हाउस काढायची हुक्की आली. मेट्रो स्टेशन जवळ, म्हणजे गिऱ्हाईक दारात. मुलगा पक्का लखनवी. घर खाली करायची नोटीस द्यायला तो स्वतः आला, सोबत मिठाईचा डबा. वाकून नमस्कार करून म्हणाला, "आंटी, बुरा मत मानिएगा. बस ज़रा-सा मुक़दमा करना पड़ रहा है."

गयाबाईंनी मिठाई पोरांत वाटली आणि नोटीस सुनेच्या हातात दिली.

सून प्रिया सरकारी कार्यालयात क्लार्क. तिनं चार ठिकाणी विचारून पत्ता लावला. "आई, आपल्याला ना, वकील फ्री मिळतो. बायकांना मिळतो, एससीला मिळतो. तुम्ही तर दोन्हीकडून बसता. सरकारच देतं."

"फुकटचा?"

"हाँ, एकदम फुकट."

"चालू हालतमधी असते का थो?"

प्रिया हसली. प्रश्न हसण्यावारी न्यायचा नव्हता हे पुढं सगळ्यांनाच कळलं.

मिळाले ते अस्थानासाहेब. कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली वकिलांची लाकडी तख्तं मांडलेली असतात. रात्री कुणी उचलून नेऊ नये म्हणून तख्त, टेबल, खुर्ची, बाक, सगळं एका साखळीत ओवून कुलूप घातलेलं. अस्थानांच्या जागेवरही सगळं असंच बांधलेलं होतं. मोकळे तेवढे अस्थाना.

माणूस मात्र अदबीचा पुतळा. गयाबाई पहिल्यांदा गेल्या तर उठून उभे राहिले, रुमालानं बाक झटकला, चहा मागवला. "अम्मा, आज से आपका मुक़दमा हमारा मुक़दमा."

"और घर गया तो? तुम्हारा जाएगा का हमारा?"

अस्थाना इतके मनापासून हसले की चहा शर्टावर आला. नोटिशीचा कागद त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, आदरानं फायलीत ठेवला, फायलीची नाडी बांधली. वाचला नाही.

मग तारखा लागल्या. पहिल्या तारखेला अस्थानांचा फोन, "बस, पहुँच ही रहे हैं अम्मा, आप तशरीफ़ रखिए." गयाबाईंनी तशरीफ ठेवली ती कोर्ट उठेपर्यंत. पुढच्या तारखेला त्यांचा एक ज्युनियर आला. त्यानं न्यायाधीशांकडून आणखी एक तारीख मागून घेतली, आणि बाहेर आल्यावर हळूच विचारलं, "अम्मा, वैसे मामला क्या है? तलाक़ का?"

गयाबाईंनी शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडं, बबनरावांकडं, टोपीपासून चपलांपर्यंत पाहिलं. "सोच के बताती."

असं नाही की अस्थाना लबाड होते. पैसे देणारे पक्षकार त्यांना दुसऱ्या कोर्टात ओढत असायचे. फुकटच्या केसचं मानधन सरकारकडून कधी येईल तेव्हा येईल, आणि आलं तरी त्यात पेट्रोलही भागणार नाही. एवढंच, की हे ते कुणाला सांगत नसत. नाही म्हणणं त्यांच्या संस्कारात बसत नव्हतं.

तिसऱ्या तारखेला अस्थानाही नाहीत आणि ज्युनियरही नाही. न्यायाधीशांपुढं फायली ठेवणाऱ्या पेशकाराला गयाबाईंची दया आली. तो म्हणाला, "माताजी, गुरुवार आख़िरी मौक़ा है. उस दिन आपका लिखित जवाब नहीं आया, तो साहब एकतरफ़ा फ़ैसला सुना देंगे."

"मतलब?"

"मतलब, सामान बाँध लीजिए."

घरी येऊन गयाबाई पोरांच्या वाट्या घासायला बसल्या, त्या घासतच राहिल्या. शेवटी बबनराव घसा खाकरून म्हणाले, "आपन त्यायचा सत्कार करू."

"कोनाचा?"

"वकीलसाहेबाचा."

बबनराव रेल्वेच्या वर्कशॉपातून फिटर म्हणून रिटायर झालेले, आणि जन्मभर युनियनमध्ये. तिथं कामाची एक रीत होती: आधी सत्कार, मग निवेदन. नवा साहेब आला की शाल, पुष्पगुच्छ, फोटो. फोटो निघाला की खिशातून मागण्यांचा कागद. किती फोरमन त्यांनी असे शालीत गुंडाळून मऊ केले होते. रिटायर झाल्यावर मराठी बौद्ध मंडळाचे सचिव झाले आणि सवय तिथं चालू राहिली.

"काम झालं नाई, अन् शाल?" गयाबाईंच्या हातातली वाटी थांबली.

"अवो, काम झाल्यावर कोन कोनाले ओयखते? शाल आंगावर असलेला मानूस नाई म्हनत नाई. उकडून राह्यलं असते त्याले, थो लवकर हो म्हनते."

"थ्या मानसाले शाल नोका घालू. थ्या तख्ताच्या साखयीनं बांधा."

पण गुरुवार समोर होता आणि दुसरं काही सुचत नव्हतं. रविवारी विहाराशेजारच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. फ्लेक्स झाला, 'गोरगरिबांचे कैवारी'. त्यावरचा फोटो बबनरावांनी अस्थानांच्या व्हॉट्सॲपवरून घेतला होता. त्यात साहेब काळा चष्मा लावून नैनीतालच्या तलावात बोट वल्हवत होते. बोलावलं तर अस्थाना भारावूनच गेले. तारखेला न येणारा माणूस रविवारी वेळेआधी हजर झाला, परीटघडीचा कुर्ता घालून.

घोळ निमंत्रणात झाला. बबनरावांनी ते नेहमीसारखं गल्लीच्या ग्रुपवर टाकलं, आणि त्या ग्रुपवर धाकटा रस्तोगीही होता. त्याचं लगेच उत्तर, 'ज़रूर हाज़िर होंगे अंकल.'

"ज्यानं आपल्याले घराभायेर काढाले केस टाकली, त्यालेच बलावलं?" गयाबाई म्हणाल्या.

"आता ग्रुपवर सगळ्यायले बलावलं. तू तेवढा येऊ नोको, असं लिवू का?"

आणि आल्यावर त्याला खाली कसं बसवायचं? त्याच्या वडिलांनी विहाराच्या पंख्यांना वर्गणी दिली होती. रस्तोगी मंचावर बसला, सत्कारमूर्तींच्या उजव्या हाताला. आता आपल्याकडची रीत अशी की मंचावरच्या प्रत्येकानं दोन शब्द बोलायचेच. न बोललेला माणूस रुसतो, आणि बोलू न दिलेला वर्षभर रुसतो. बबनरावांनी शाल घातली, पुष्पगुच्छ दिला, फोटो झाला. ओळीनं दोन-दोन शब्द सुरू झाले. कोषाध्यक्ष बोलले, माजी कोषाध्यक्ष बोलले. कार्यक्रमपत्रिकेत बुडालेल्या बबनरावांच्या तोंडून सवयीनं निघालं, "अब हमारे माननीय रस्तोगीजी अपने दो शब्द रखेंगे."

हॉलमध्ये प्रियानं कपाळाला हात लावला.

रस्तोगी उठला. त्याच्या मनात खरंच काही वाकडं नव्हतं. ज्याच्या सत्काराला यायचं त्याच्याबद्दल चांगलंच बोलायचं, एवढं त्याला घरात शिकवलेलं. "अस्थाना साहब की शराफ़त का तो हम निजी तजुर्बा रखते हैं," तो म्हणाला. "हमारा इन्हीं के ख़िलाफ़ एक छोटा-सा मुक़दमा चल रहा है. हमारे वकील साहब कहते हैं, पूरी प्रैक्टिस में ऐसा विरोधी नहीं मिला. न बहस, न जवाब, न कोई तकलीफ़. कहते हैं, भगवान सबको ऐसा विरोधी दे." आणि हात जोडून खाली बसला.

टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. फक्त ऐकायला जरा कमी येणाऱ्या मिश्राजींच्या एकट्याच्या टाळ्या वाजल्या.

अस्थानांचं सगळं रक्त तोंडावर आलं. पक्षकारांची बोलणी त्यांनी पुष्कळ खाल्ली असतील, पण विरोधी पक्षानं जाहीर आभार मानावेत, तेही शाल अंगावर असताना, हे कुठल्या वकिलाला सोसेल? त्यात पुढं सत्कारमूर्तींचंच मनोगत होतं. ते माइकसमोर आले. पाठ केलेला शेर आठवेना. खाली पहिल्या रांगेत गयाबाई बसल्या होत्या. रागानं नाही, नुसत्याच पाहत होत्या, एखादं पोर चड्डी ओली करून उभं असावं तशा.

"अम्मा," अस्थाना माइकमध्येच म्हणाले, "कल सुबह हम आपके घर आएँगे."

"आ जाओ," गयाबाई जागेवरूनच म्हणाल्या. "घर है तब तक आ जाओ."

यानंतर निवेदन वाचायची काही गरज उरली नव्हती. पण कार्यक्रमपत्रिकेत होतं, म्हणून बबनरावांनी वाचलं.

सोमवारी अस्थाना खरोखर आले. पाळणाघर भरलेलं. वकिलांना बसायला जागा मिळाली ती पोरांच्या छोट्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. मिश्राजींची नात त्यांच्या काळ्या कोटाचा खिसा तपासू लागली. आणि तशा अवस्थेत त्यांनी केस मिळाल्यापासून प्रथमच विचारलं, "अम्मा, आप यहाँ कब से रह रही हैं?"

गयाबाईंनी सांगितलं. लग्न होऊन आल्या तेव्हापासून. भाडं थोरल्या रस्तोगींच्या हातात जायचं, मग बँकेत. छप्पर गळलं तेव्हा पत्रे कुणी घातले, मोरी कुणी बांधली, पाळणाघर काढताना थोरल्या रस्तोगींनी नारळ कसा फोडला. अस्थाना लिहीत होते. मध्येच एक पोर फायलीवर बसलं, त्याला उचलून मांडीवर घेतलं आणि लिहीत राहिले.

"ये सब आपने पहले क्यों नहीं बताया?"

"पूछा कौन?"



गुरुवारी गयाबाई कोर्टात सगळ्यांच्या आधी. रस्तोगी आणि त्याचे वकील आरामात बसलेले. पुकारा जवळ आला तरी अस्थानांचा पत्ता नाही. प्रियानं फोन लावला.

"बस, पहुँच ही रहे हैं."

प्रियाचा चेहरा पडला. गयाबाईंनी पिशवी पोटाशी धरली. आता घरी जाऊन पोरांच्या आयांना काय सांगायचं, हेच त्यांच्या डोक्यात चालू झालं. पेशकारानं नाव पुकारलं, आणि दारातून अस्थाना आत आले, घामानं डबडबलेले, एका हातात फाईल. या खेपेला ते खरंच पोहोचत होते.

न्यायाधीशांनी जवाब उलटून पाहिला. "इतनी देर क्यों? अब तक क्या कर रहे थे?"

अशा वेळी वकिलानं दोष पक्षकारावर ढकलून काय म्हणायचं ते ठरलेलं आहे: मुवक्किल काग़ज़ात नहीं लाया, हुज़ूर. रस्तोगीचे वकील हसू दाबून त्याचीच वाट पाहत होते. अस्थानांनी एकदा मागं वळून गयाबाईंकडं पाहिलं.

"ग़लती हमारी है, हुज़ूर. अम्मा हर तारीख़ पर आई हैं. हम नहीं आए."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. असं वाक्य त्या खोलीत बहुधा पहिल्यांदाच बोललं गेलं असावं. थोडं सुनावून त्यांनी जवाब दाखल करून घेतला. आता गंमत अशी झाली की, एकतर्फीच्या भरवशावर आलेल्या रस्तोगीच्या वकिलांनी काही तयारी केली नव्हती. त्यांनीच उठून तारीख मागितली.

बाहेर अस्थाना छाती काढून चालत होते. वाटेत निशातगंजकडची एक शिवणकाम करणारी बाई आडवी आली. तिलाही सरकारनं हेच वकील दिले होते. "साहब, हमारी भी आज ही है."

"अरे बहन जी, आप तशरीफ़ रखिए, आपकी तारीख़ हम..."

"वकीलसाब," गयाबाई म्हणाल्या.

अस्थानांनी घड्याळ पाहिलं, मग गयाबाईंकडं पाहिलं, आणि त्या बाईच्या मागं कोर्टाचा जिना चढू लागले. चढताना विचारत होते, "बहन जी, ज़रा बताइए, मामला क्या है?"

फाटकाशी रस्तोगी स्कूटरला किक मारत होता. गयाबाईंना पाहून उतरला, नमस्कार केला. "आंटी, अब तो ये बहुत लंबा चलेगा."

"चलने दो ना," गयाबाई म्हणाल्या. "तुम आते-जाते रहो. मैं घरपेच मिलूँगी."