सांगली पद्धतीचं जानवासम

माझ्या सासऱ्यांच्या मोटारीचं स्टिअरिंग मी स्वतःच्या हातांनी दुरुस्त केलं, आणि त्या दिवसापासून ती मोटार उजवीकडे वळायची बंद झाली.

यावर हसू नका. मला अजून राग येतो! कोणाकोणाचा येतो ते ओघात कळेलच. (सगळ्यांत जास्त कोणाचा, ते विचारू नका.)

मी मूळचा सांगलीचा. नोकरीसाठी मद्रासला आलो, पेरांबूरला रेल्वेच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून चिकटलो आणि मैलापुरातल्या एका तंजावरी मराठी घराण्याचा जावई झालो. सासरे स्वामीराव म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांची मराठी ऐकली की जुनी बखर इडली-सांबार खाऊन बोलते आहे असं वाटे. मी त्यांना मामा म्हणे, ते मला 'माप्पिळ्ळै' म्हणत. माप्पिळ्ळै म्हणजे जावई. तमिळ मुलखात या शब्दाला फार मान असतो. माझ्या बाबतीत तो दुरैसानीने घालवला.

दुरैसानी म्हणजे मडमबाई. इंग्रज गेले तेव्हा एक साहेब जाता जाता आपली लढाईच्या आधीची, कापडी टपाची मोटार मामांच्या गळ्यात मारून गेला, तिचं हे घरातलं नाव. ती चालू करायला हँडल, थांबवायला देव आणि वळवायला दोन माणसं लागत. पण टप मागे टाकला की ती उघडी होई, आणि नेमक्या याच एका गुणावर माझ्या मेहुणीचं, कमलाचं, लग्न ठरलं होतं!

कारण तिकडे जानवासम असतं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरदेवाला सूट घालून, उघड्या मोटारीत बसवून देवळापासून मिरवत मांडवात आणतात. मुलाकडचे लोक तसे भले. हुंडा नको म्हणाले, मानपान नको म्हणाले. मुलाचे काका तेवढे म्हणाले, "एकच गोष्ट. जानवासाला उघडी मोटार पाहिजे. आमच्या घरात बंद मोटारीतनं कोणी नवरा आलेला नाही. मोटार नाही तर मुहूर्तही नाही!"

"मोटार? घरचीच आहे की!" मामा छाती फुगवून म्हणाले.

आणि मार्गळी महिन्यात, म्हणजे धनुर्मासात, लग्न तोंडावर आलेलं असताना, मामांनी दुरैसानी समोरच्या घराच्या पायरीवर चढवली.

"हे कसं झालं?" मी ओरडलो.

"रस्त्यात कोलम घातला होता, माप्पिळ्ळै. इतका सुंदर! मोर होता. मोरावरून चाक कसें नेऊं?"

म्हणजे रांगोळीतला पिठाचा मोर वाचवला आणि लोखंडाची मोटार आपटली! त्या दिवसापासून दुरैसानी डावीकडे ओढायला लागली. मामा सरळ चालवत आणि ती हळूहळू गटाराच्या दिशेने निघे. गल्लीतल्या प्रत्येकाने निदान केलं. कोणी म्हणालं चाकात हवा कमी, कोणी म्हणालं दृष्ट लागली. सासूबाईंनी चारी चाकांखाली लिंबं ठेवली. तिने लिंबं चिरडली आणि पुन्हा डावीकडेच गेली.

"गॅरेजात देऊं," मामा म्हणाले.

इथे मी भडकलो. घरात रेल्वेच्या कारखान्यातला माणूस असताना गॅरेज? मी आख्ख्या डब्यांचे नकाशे काढतो, आणि ही पत्र्याची पेटी मला दुरुस्त करता येणार नाही? (मी नकाशे काढत होतो हे खरं. हातोडा मी आयुष्यात फक्त गणपतीच्या मखराला मारला होता.)

रविवारी सकाळी मी गाडीखाली शिरलो. स्टिअरिंगची साधारण रचना अशी, की चक्र फिरवलं की खालून एक लांब दांडा पुढे-मागे सरकतो आणि उजवं चाक वळवतो. तिथून दुसरा आडवा दांडा डाव्या चाकाला सोबत ओढून नेतो. आडव्या दांड्याला जरासा बाक दिसला. जरासाच. पण लांब दांडा पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. हा भला थोरला बाक! उजव्या चाकाच्या मागे येऊन दांडा चक्क पोटात गेला होता.

"सापडलं!" मी गाडीखालून गरजलो. "मामा, काय केलंत हे! दांड्याचं धनुष्य करून ठेवलंत!"

मामा वाकून बघू लागले. "माप्पिळ्ळै, तो दांडा आहे ना, तो..."

"तुम्ही बोलू नका! एका मोरापायी पोरीचं लग्न मोडायची वेळ आणलीत!"

"तसें नव्हे. मी काय सांगतों म्हणजे..."

"काही सांगू नका! पाना द्या!"

मामांनी पाना दिला आणि ते ओसरीवर जाऊन वेत्तिलै, म्हणजे विड्याची पानं, पुसत बसले. दांडा निघता निघेना. माझी दोन नखं गेली, लुंगी फाटली आणि ज्या शिव्या मी दिल्या त्या तंजावरी मराठीत अजून पोचल्या नव्हत्या. सासूबाई नातवंडांना घेऊन देवळात गेल्या.

त्या गेल्याचं पाहून मी न्हाणीतला बंब पेटवला, दांडा त्यात लाल केला आणि ठोकायला ऐरण म्हणून सासूबाईंचा दगडी रगडा घेतला. त्यावर लग्नाच्या मुरुक्कूचं, म्हणजे चकल्यांचं, पीठ वाटायचं होतं. माझी बायको रुक्कू धावत आली.

"अहो, तो आईचा आट्टुक्कल! तिच्या लग्नातला!"

"बाजूला हो! तुझ्या बापाने वाकवलं, मी सरळ करतोय!"

"बाप काढूं नका!"

"मोटार काढली त्यांनी, बाप मी काढतो!"

असं भांडत भांडत, ठोकत ठोकत मी तो दांडा असा सरळ केला, की पट्टी लावून पाहिली तर मलाच भरून आलं. रगड्याचा एक टवका उडाला, तो मी केळीच्या आळ्यात पुरला. दांडा बसवला, आडव्या दांड्याला (बाक जरासाच होता ना!) नुसतं ग्रीस चोपडलं आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोटार नेली. सरळ गेली! जराशी डावीकडे कलत होती, पण त्याला मी जुनी सवय म्हटलं. वळवून पाहायचं मला सुचलं नाही. रोग डावीकडे जाण्याचा होता, मी सरळ जाण्याचं औषध दिलं, बास!

जानवासाच्या संध्याकाळी मी स्वतः चक्रावर बसलो. घरून देवळापर्यंतची सगळी वळणं डावीकडची होती, तेव्हा मी शीळ घालत पोचलो. नवरदेव गोपाळ सूट-बूट, गळ्यात हार, कपाळाला गंध असा मागे बसला. पुढे नादस्वरम, त्याच्या जोडीला तविल नावाचा ढोल, दोन्ही बाजूंना डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसं, मागे दोन्हीकडची वडीलधारी मंडळी. देवळाच्या भोवती चार माडवीथी आहेत, म्हणजे रथाचे रस्ते. त्यांवरून प्रदक्षिणा घालून मांडवात जायचं. देऊळ उजव्या हाताला. म्हणजे प्रत्येक कोपऱ्यावर वळण उजवीकडे.

पहिला कोपरा आला. नादस्वरम उजवीकडे वळलं. गॅसबत्त्या वळल्या. मी चक्र फिरवलं.

कर्रर्र!

चक्र जागचं हलेना. मी उठून उभा राहिलो आणि चक्राला लोंबकळलो. दुरैसानी ढिम्म! नादस्वरमवाले पुढच्या रस्त्यावर दिसेनासे झाले आणि आमचा नवरदेव वाजंत्रीशिवाय, कोपऱ्यावर, एका केळीवाल्याच्या समोर उभा.

"काय झालं?" काका धावत आले.

"काही नाही," मी दात खाऊन म्हणालो. "डावीकडून जाऊ."

"डावीकडून?" काकांचा आवाज चढला. "उलटी प्रदक्षिणा? लग्नाची वरात की मयत? गोपाळ, खाली उतर!"

गोपाळने एक पाय खाली ठेवला. मागे बायकांत सासूबाई मटकन बसल्या. मामांचं तोंड पांढरं पडलं. त्यांच्या पोरीचं लग्न त्या एका पायावर अडकलं होतं, आणि त्या क्षणी मला मामांचा, काकांचा, मोराचा आणि त्या विलायतेतल्या साहेबाचा असा काही संताप आला, की मी नवा कोट घालून गाडीखाली शिरलो. उजवं चाक माझ्या त्या पट्टीसारख्या सरळ दांड्यावर छातीठोकपणे टेकलं होतं.

शेजारी मामांचं डोकं आलं. ते हळूच म्हणाले, "माप्पिळ्ळै, तो दांडा विलायतेहूनच वाकडा आला. उजवीकडे वळतांना चाक आंत येतें, त्याला जागा पाहिजे, म्हणून. तेंच सांगायास आलों होतों. तुम्ही बोलूं देतां कां?"

"मग ओरडून सांगायचं!" मी ओरडलो.

"ओरडायाचें काम तुम्ही करत होतांत."

म्हणजे जन्माने वाकडा होता त्याला मी ठोकून सरळ केलं, आणि मोरापायी खरोखर वाकला होता त्या आडव्याला ग्रीस लावलं! मी बाहेर आलो. कोट काळा, तोंड काळं. रुक्कू समोर कमरेला पदर खोचून उभी होती. तीही माझ्याइतकीच संतापलेली.

"पुढं जाऊन उजवीकडे वळत नाहीं ना?" ती कडाडली. "मग मागं जा! रिव्हर्सनं ती वळत्ये. शेडांतनं रोज तशीच निघत्ये!"

मी ड्राफ्ट्समन. मनातल्या मनात नकाशा काढला. चाकं डावीकडे, गाडी मागे... म्हणजे मागे तोंड करून पाहिलं तर शेपूट उजवीकडे! चिडलो होतो तरी मान्य करावंच लागलं. डावीकडे वळवत वळवत दुरैसानीचं तोंड फिरवलं आणि तिची पाठ कोपऱ्याकडे केली.

"हें काय? नवरा उलटा नेणार?" काका.

मामा हेडमास्तरी आवाजात म्हणाले, "उलटा कसा? ही महाराष्ट्रांतली रीत. नवऱ्यानें मागून येणाऱ्या वडीलधाऱ्यांकडे पाठ करूं नये, तोंड करून जावें. आमचे माप्पिळ्ळै सांगलीचे. विचारा त्यांस."

सगळी वरात माझ्याकडे बघू लागली. मामा आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले होते, तेही माझ्यासाठी. त्याचाही मला रागच आला.

"हो," मी म्हणालो. "सांगलीला असंच असतं."

काकांनी क्षणभर विचार केला. मग डोळ्यांना उपरणं लावलं. "केवढी मर्यादा! आमच्यांत नाहीं हो असली. गोपाळ, पाय आंत घे!"

आणि निघाली वरात! मी मान मागे पिळून रिव्हर्समध्ये, गोपाळ आपल्या सगळ्या आत्या-मावश्यांना समोरासमोर नमस्कार करत, आणि पलीकडे परत येऊन तविल वाजवणारा बिचारा मोटार अंगावर येईल या भीतीने स्वतःही उलटा चालत. चारी कोपरे दुरैसानी अशी ऐटीत वळली, की लोक गच्चीवरून टाळ्या वाजवत होते. लग्न थाटात झालं. मुरुक्कूत दगडाची कचकच लागली, ती कोणाच्या लक्षात आली नाही. (सासूबाईंच्या आली.)

पुढे मामांनी तो दांडा गॅरेजात नेऊन पहिल्यासारखा वाकडा करून आणला आणि आडवा सरळ करून घेतला. दुरैसानी दोन्हीकडे वळायला लागली आणि मी सगळं विसरलो. पण काही वर्षांनी धाकट्या मेहुणीचं, वत्सलाचं, लग्न त्याच घराण्यात, गोपाळच्या चुलतभावाशी ठरलं. काका बैठकीला आले आणि म्हणाले, "आम्हांस कांहीं नको. जानवासम मात्र तुमच्या सांगलीच्या पद्धतीनंच पाहिजे. आतां आमच्यांतही तीच रीत पडली आहे."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी रुक्कूकडे पाहिलं. तिने भिंतीकडे पाहिलं.

ठणठणीत, दोन्हीकडे वळणारी मोटार मी पुन्हा चारी माडवीथींतून उलटी चालवली! चडफडत चालवली! दुसऱ्या दिवशी मुहूर्ताला माझी मान डावीकडे वळलेली ती तशीच राहिली. उजवीकडे हलेना. मांडवात मी अक्षता टाकत होतो नवरा-नवरीवर, त्या पडत होत्या स्वयंपाक्यावर.

मामा मायेने जवळ आले, माझ्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाले, "माप्पिळ्ळै, सरळ करून देऊं कां?"

"हात लावू नका!" मी सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा ओरडलो. "ती वाकडीच आली आहे!"