थंड पाण्याने धुतलेला डबा

नातवंडांनो, कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंद नसलेली ही एक केस मला आजही विसरता येत नाही. पुण्यात पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झाले आणि त्या हिवाळ्यात तुमच्याकडे टोकियोला, हिगाशी-कसाई भागातल्या घरी राहायला आले. तुम्ही तेव्हा अगदी लहान होता. जगभर मंदी होती.

एका सकाळी खालच्या मजल्यावरची शेजारीण घाबरून वर आली. तिचा नवरा पुण्याचाच, सॉफ्टवेअर इंजिनिअर. मोबाइल लागेना म्हणून तिने त्याच्या ऑफिसात फोन केला, तेव्हा कळले की त्याचे कंत्राट मागेच संपले होते.

"काकू, रोज डबा घेऊन निघतात. मग जातात कुठे?"

तिच्या मनात काय आले ते मला कळत होते. कोणी रुळांवर उडी घेतली म्हणून गाडीला उशीर होतोय, ही घोषणा इथल्या स्टेशनवर तिनेही ऐकली होती.

"पोलिसांत जायचं का?" तुमच्या आईने विचारले.

"नको गं. व्हिसाचं काही झालं तर?"

हरवलेल्या माणसाच्या तपासात पहिला जबाब घरच्यांचा. मी तिच्यापुढे चहा ठेवला आणि विचारायला लागले. भांडण? नाही. दारू? नाही. वागण्यात काही फरक?

"उलट सुधारलेत. जन्मात कधी डबा विसळला नाही, हल्ली धुऊन आणतात."

आज त्याने दुसरा डबा नेला होता, कालचा तिच्या सिंकमध्येच होता. तो मागवून मी आतून बोट फिरवले. तुपाचा पांढरा थर चिकटलेला होता.

"तुझ्या ऑफिसात डबा कुठे धुतात?" मी तुमच्या आईला विचारले.

"पँट्रीत. गरम पाणी असतं ना नळाला."

"हा थंड पाण्याने धुतलाय. उघड्यावरच्या नळावर."

तुमची आई म्हणाली, "टीव्हीवर दाखवतायत ते तंबू?"

कारखान्यांनी काढून टाकलेल्या कंत्राटी कामगारांची नोकरीबरोबर राहायची खोलीही गेली होती. त्यांनी सरकारी कचेऱ्यांजवळच्या बागेत तंबू ठोकून ठिय्या दिला होता. मी आणि शेजारीण गाडीने तिकडे गेलो.

तिचा नवरा एका तंबूबाहेर मोठ्या पातेल्यासाठी मुळे चिरत बसला होता. शेजारी पिकल्या केसांचा एक जपानी माणूस त्याच्या डब्यातली पोळी-भाजी खात होता. बायकोला पाहून नवरा उभा राहिला.

"तू इथे कशाला आलीस?"

"डबा न्यायला," ती म्हणाली आणि रडू लागली.

"काय सांगणार होतो तुला? घरून निघायला तर हवं. इथं कुणी काही विचारत नाही."

त्या जपानी माणसाने मी कोण ते विचारले. इंजिनिअरने पोलीस म्हटल्यावर तो घाईने उठला, वाकला. मग इंजिनिअरला काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, नशीबवान आहेस, तुला शोधायला माणसं आली. हा नागोया शहराजवळ गाड्यांच्या कारखान्यात होता, काकू. मुलगी आहे त्याला, पण लाजेनं फोन करणंच सोडलंय त्यानं."

"तिने तक्रार नोंदवली असेल की," मी म्हणाले.

इंजिनिअरने त्याला ते विचारले. त्या माणसाने नाही म्हणून मान हलवली, रिकामा डबा दोन्ही हातांनी शेजारणीला परत दिला आणि सूपच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

नवराबायको घरी आली. वसंतात त्यांनी टोकियो सोडले.

नोकरीत माझा नियम सरळ होता: तक्रार आली की तपास. त्या बागेत मला कळले की ज्याची तक्रार घेऊन कुणीच येत नाही, तो हरवल्याचेही कुठे लिहिले जात नाही. मोठ्या शहरात अशी माणसे सर्वांच्या डोळ्यांसमोर असतात. नवराबायको पुढे चालू लागल्यावर मला त्या जपानी माणसाचे नाव विचारायचे होते, पण मला एकटीला भाषा येत नव्हती. तुम्हाला येते. असा कुणी दिसला, तर आधी नाव विचारा.